उघडलेले पिंप

मराठी माणसाच्या मनात मद्याचा पेला कायमचा ठेवला तो राम गणेश गडकऱ्यांनी. त्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली प्रथम रंगभूमीवर आणले ते आमच्या बडोद्यात. तो प्रयोग पाहायला गडकरी उरले नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते गेले. सुधाकराची घसरण, सिंधूचे हाल आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिले, आईवडिलांच्या पिढीने पदांतून ऐकले आणि आमच्यापर्यंत ते संस्कार म्हणून आले. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा त्याने तो कायदा आपल्याजवळ ठेवून घेतला. त्यामुळे आमच्या पिढीतील बडोदेकराला मद्य भेटले ते दोनच ठिकाणी : नाटकात आणि वर्तमानपत्रातील धाडीच्या बातमीत.

अशा गावातून गेलेल्या सातजणांनी, ज्यांतील सर्वांत धाकटा एकसष्ट वर्षांचा होता, इंग्लंडमधील खेड्यांतले जुने पब पाहण्यात एक अख्खा शनिवार घालवला, हे वाचून आमच्या परिचितांना हसू येईल. आम्हालाही आले होते. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही रेडिंगला भाच्याकडे उतरलो होतो. लंडन पाहून झाले होते, राजवाडे पाहून पाय दुखले होते. भाचा म्हणाला, “आता तुम्हाला इथली खरी वस्तू दाखवतो. प्यायची सक्ती नाही, पण यायची आहे.” या वाक्याचा पुढे आम्हाला बराच उपयोग झाला.

आमच्या मंडळींत चौघे आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवरचे होते, हे येथे सांगितले पाहिजे. निघण्यापूर्वीच्या बैठकीत एक प्रस्ताव आला होता. वर्गणीदार घटले आहेत, देवघेवीच्या टेबलाशी संध्याकाळी चारदोन माणसे येतात, जुन्या पुस्तकांची पाने हाताळून तुटतात. तेव्हा देवघेव थांबवावी, संग्रह काचेच्या कपाटांत नीट लावावा आणि अभ्यासकांना अर्ज केल्यावर पाहू द्यावा. प्रस्ताव मांडणारे आप्पा. त्यांच्याइतके त्या पुस्तकांवर प्रेम कोणाचेही नाही. मतदान परतल्यावर व्हायचे होते. तो विषय आमच्याबरोबर विमानात बसला आणि त्या शनिवारी भाच्याच्या गाडीतही बसला.

आधी शब्दाविषयी. आपल्याकडे पब म्हटले की अंधार, कानठळ्या बसवणारे संगीत आणि महानगरातील तरुण मुले डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्द ‘पब्लिक हाउस’, म्हणजे सर्वांना मोकळे असलेले घर. इंग्लंडच्या खेड्यात चर्च, हिरवळीचे मैदान आणि पब ही तीन ठिकाणे म्हणजे गावाचा पार, चावडी आणि देऊळ. १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाने एल विकणाऱ्या घरांना बाहेर खूण टांगणे बंधनकारक केले. वाचता न येणाऱ्या वाटसरूलाही चित्र कळे. म्हणून आजही पबांची नावे घंटा, काळा घोडा, सिंह, मुकुट अशी चित्रात काढता येण्यासारखी असतात.

भाऊसाहेबांनी गाडीत बसताच मूलभूत शंका काढली. “एल काय, बिअर काय, शेवटी दारूच ना?” आपल्या भाषेची ही अडचण खरी आहे. ताडी, माडी, मोहाची, फेणी अशी नावे आपल्याकडे आहेत. पण नैतिक निवाडा देताना ती सगळी ‘दारू’ या एका शब्दात बुडतात. इंग्रजांनी मात्र फरक केला, कधी सोयीचा आणि कधी खरा. १७५१ साली विल्यम होगार्थने चित्रांची एक जोडी छापली. जिनच्या गल्लीत उपासमार आणि मृत्यू, बिअरच्या रस्त्यावर धष्टपुष्ट, कामसू माणसे. १८३० साली तर सरकारनेच कायदा केला की कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाने दोन गिनी भरून परवाना घ्यावा आणि आपल्या घरात बिअर विकावी. लोकांनी जिन सोडावी हा हेतू. लोकांनी जिन सोडली नाही. बिअरची घरे मात्र हजारोंनी वाढली. तेव्हा होगार्थचे चित्र पुरावा म्हणून आम्ही स्वीकारले नाही. आमच्यापैकी वहिनींच्या माहेरी सुधाकर नाटकाबाहेरही होऊन गेला आहे. त्या यायला तयार झाल्या होत्या हेच पुष्कळ होते.

पहिला मुक्काम थेम्सकाठचे हेन्ली. नौकांच्या शर्यतींसाठी हे गाव जगाला ठाऊक आहे. तेथे ब्रॅक्स्पिअर घराण्याची मद्यशाळा दोन शतकांहून अधिक काळ चालली. सातू भिजवून, मोड आणून, भाजून त्याचा माल्ट करायचा. तो भरडून गरम पाण्यात मुरवायचा. निघालेला गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचा. निवल्यावर त्यात यीस्ट घालून आंबवायचा. ब्रॅक्स्पिअरची ख्याती ही की आंबत असताना तो रस वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात सोडत. गाळ मागे राही, हवा मिसळे, चव खुले. २००२ साली हेन्लीतील हे काम बंद पडले. विटांच्या त्या देखण्या इमारतीत आता हॉटेल आहे. आम्ही तेथे कॉफी घेतली. भिंती उत्तम राखलेल्या, तुळया घासूनपुसून लखलखीत. वास मात्र कॉफीचा. ती एल पुढे विटनी येथील दुसऱ्या मद्यशाळेत बनू लागली. आम्ही परतल्यावर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, तीही बंद झाल्याचे भाच्याने कळवले. आप्पा तेव्हा हॉटेलकडे पाहून म्हणाले, “इमारत तरी वाचली.” कोणी उत्तर दिले नाही.

तेथून चिल्टर्नच्या टेकड्यांत चढलो. बीचची उंच झाडे, एका गाडीपुरते रस्ते, दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांच्या भिंती. स्टोक रो नावाच्या लहान गावात भाच्याने गाडी थांबवली आणि आम्ही चकित झालो. रस्त्याच्या कडेला घुमटीखाली एक विहीर, तिच्यावर ओतीव लोखंडाचे यंत्र आणि यंत्रावर सोनेरी हत्ती! ही काशीच्या महाराजांची विहीर. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी ती या गावाला दिली. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड हिंदुस्थानात मोठे अधिकारी होते. आझमगड भागात त्यांनी १८३१ साली विहीर खणवली होती. आपल्या गावाकडेही पाण्याची अशीच टंचाई आहे, घरातले शेवटचे पाणी प्यायले म्हणून आई मुलाला मारते, असे त्यांनी महाराजांना कधी बोलता बोलता सांगितले. महाराजांनी ते लक्षात ठेवले. चार फूट व्यासाची आणि ३६८ फूट खोल विहीर माणसांनी हातांनी खणली आणि १८६४ साली ती गावासाठी खुली झाली. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली. १९६४ साली शताब्दीला राणीचे यजमान प्रिन्स फिलिप आले होते आणि गंगेचे पाणी आणून या विहिरीच्या पाण्यात मिसळले होते.

आम्ही हात जोडले. परमुलखात सोनेरी हत्ती दिसल्यावर आपले हात आपोआप जुळतात. मावशी वाकून आत पाहत म्हणाल्या, “आणि आता पाणी कोण काढतं?” आता कोणी काढत नाही. गावात नळ आले, विहीर वारसा झाली. रंगरंगोटी वेळच्या वेळी होते, हत्तीला मुलामा मिळतो, माहितीचा फलक आहे. यात वाईट काहीच नाही. विहिरीचे काम झाले आणि तिने मानाने निवृत्ती घेतली. पण मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही थोडा वेळ गप्प होतो. चौघांच्या मनात एकच गोष्ट असावी आणि ती बडोद्यात एका दुमजली इमारतीत होती.

दुपारी चेकेंडन गावाबाहेर, एका अरुंद वाटेच्या टोकाशी, ‘ब्लॅक हॉर्स’ गाठला. पाटी दिसली नसती तर शेतकऱ्याचे घर समजून परत फिरलो असतो. एकाच कुटुंबाकडे शंभर वर्षांहून अधिक काळ असलेले हे घर. साध्या खोल्या, लाकडी बाके, आणि पिंपे मागल्या खोलीत. तोटी सोडून थेट पेल्यात एल ओतून आणतात. येथे भाच्याने आम्हाला खऱ्या एलचे शास्त्र सांगितले. तो बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा रसायन अभियंता. सांगण्याची हौस त्याला घराण्यातूनच आली आहे.

बाटलीतील किंवा दाबाच्या टाकीतील बिअर गाळलेली असते, बहुधा तापवून निर्जंतुक केलेली असते. तिच्यातले यीस्ट मेलेले किंवा काढून टाकलेले. ती महिनोन् महिने टिकते. कारण तिच्यात बदलण्यासारखे काही उरलेले नसते. खरी एल पिंपात भरतात तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असते आणि पबच्या तळघरात पोहोचल्यावरही ती आंबतच असते. आपल्या विरजणासारखी. पिंप घोडीवर आडवे ठेवायचे, हलवायचे नाही. वरच्या बुचाच्या भोकात मऊ लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकायची म्हणजे आतला वायू हळूहळू बाहेर पडतो. तो पुरेसा गेला की टणक खुंटी ठोकून उरलेला कोंडायचा. गाळ तळाशी बसू द्यायचा. तळघर अकरा ते तेरा अंश सेल्सिअसवर राखायचे. इंग्रज कोमट बिअर पितात हा प्रवाद या थंडाव्याला बर्फ समजणाऱ्यांनी पसरवला आहे. आणि एकदा तोटी ठोकली, पहिला पेला काढला, की आत हवा शिरते. मग पिंप साधारण तीन दिवसांत संपले पाहिजे. नाहीतर एल उतरते, आंबट होते आणि ओतून द्यावी लागते.

“नऊ गॅलनचे लहान पिंप असते, त्याला फर्किन म्हणतात,” भाचा म्हणाला. “बहात्तर पाइंट. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. तीन दिवसांत बहात्तर पेले घेणारी माणसे गावात असली तर खरी एल. नसली तर ती ठेवताच येत नाही. कितीही भक्ती असो.”

गाळ बसवण्यासाठी बरेच ठिकाणी माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला एक चिकट पदार्थ वापरतात, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. घोटभर चाखून पाहू असे ठरवलेल्या मावशींनी तत्क्षणी हात आखडता घेतला. हल्ली तो पदार्थ न वापरता केलेली, किंचित गढूळ एलही मिळते म्हणे. पण मावशींचा चातुर्मास होता आणि चर्चा तेथेच मिटली. आमच्यापैकी चौघांनी अर्धा अर्धा पाइंट घेतला. शेकडा पावणेचार अंशांची ती तांबूस एल पहिल्या घोटाला मेथीसारखी कडसर लागली, मग भाजलेल्या धान्याचा गोडवा जिभेवर आला. तिघांनी आल्याचे सरबत घेतले. कोणी भुवई उंचावली नाही.

खरी एल हा शब्द सनातन वाटतो, पण तो आमच्या तरुणपणातला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील मोठ्या मद्यशाळांनी लहान मद्यशाळा गिळल्या आणि सर्वत्र दाबाच्या टाकीतील एकसारखी बिअर पाठवायला सुरुवात केली. ती वाहून न्यायला सोपी, सांभाळायला सोपी आणि सगळीकडे सारखीच फिकी. १९७१ साली आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी वैतागून एक संघटना काढली. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीझ, बिल मेलर आणि जिम मेकिन ही त्यांची नावे. १९७३ साली तिने ‘खऱ्या एलसाठी मोहीम’ असे नाव धारण केले. तेथे तिला आद्याक्षरांवरून ‘कॅम्रा’ म्हणतात. चांगले पेय ठेवणाऱ्या पबांची मार्गदर्शिका ती १९७४ पासून काढू लागली. आम्हाला विशेष वाटले ते हे की या तरुणांनी एलचे संग्रहालय काढले नाही. पिंप कोठे उघडे आहे तेवढे लोकांना सांगितले आणि लोकांनी तेथे जाऊन बसावे असा आग्रह धरला.

गोरिंगच्या वाटेवर एक बंद पब दिसला. त्याचे नाव येथे देत नाही. खिडक्यांना फळ्या, चित्राची पाटी उतरवलेली, नुसता लोखंडी दांडा पुढे आलेला. भाचा म्हणाला, असे आता गावोगाव दिसते. जागेची किंमत वाढली, घरात बसून स्वस्तात पिता येते, गाडी चालवायची असल्याने माणसे येत नाहीत, विजेचे बिल परवडत नाही. काही गावांनी मात्र हट्ट धरला. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केटच्या शंभरावर गावकऱ्यांनी भाग घेऊन २००३ साली आपला ‘ओल्ड क्राउन’ सहकारी तत्त्वावर विकत घेतला. लंडनच्या नन्हेड भागातील रहिवाशांनी स्थानिक वास्तूंना संरक्षण देणाऱ्या २०११ च्या कायद्याचा आधार घेऊन २०१३ साली ‘आयव्ही हाउस’ सोडवला. सहकार हा शब्द ऐकताच भाऊसाहेब सरसावून बसले; आयुष्यभर सहकारी बँकेचे हिशेब तपासलेले ते. “भाग किती रकमेचा? लाभांश देतात का?” असे विचारून त्यांनी भाच्याला हैराण केले. शेवटी म्हणाले, “म्हणजे प्रेम आहे असं नुसतं म्हणून भागलं नाही. खिशात हात घालावा लागला.”

संध्याकाळी थेम्स ओलांडून बर्कशरच्या खडूच्या टेकड्यांवर आल्डवर्थला आलो. तेथील चर्चमध्ये चौदाव्या शतकातील द ला बेश घराण्याच्या नऊ पाषाणमूर्ती आहेत, माणसापेक्षा मोठ्या, त्यामुळे त्यांना ‘राक्षस’ म्हणतात. बऱ्याच भंगलेल्या. त्या पाहून चालतच ‘बेल’ला आलो. शेकडो वर्षांचे हे घर दोनशे वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंबाच्या हाती आहे. कॅम्राने १९९० आणि २०१९ साठी त्याला देशातील सर्वोत्तम पब ठरवले. आत नेहमीसारखा लांब गल्ला नाही. काचेच्या तावदानांची एक खिडकी आहे, तीतून पेले बाहेर येतात, आपल्या जुन्या पोस्टातील तिकिटांसारखे. भिंतीवरचे जुने घड्याळ एकाच काट्याचे. तास कळतो, मिनिटे कळत नाहीत. भाऊसाहेबांनी आपल्या घड्याळाशी ते ताडून पाहिले आणि मग नाद सोडला. खायला गरम कडक पाव, आत चीज किंवा मांस, आणि रस्सा. यादी एवढीच.

आम्ही एका लांब बाकावर बसलो. समोर चिखलाच्या बुटांतला एक वृद्ध शेतकरी आणि त्याचा कुत्रा, शेजारी टेकड्या तुडवून आलेली चारपाच तरुण मुले, कोपऱ्यात बाळाला मांडीवर घेतलेली एक बाई. म्हातारबुवांनी आम्ही कुठले विचारले. बडोदे त्यांना ठाऊक नव्हते. क्रिकेट ठाऊक होते. विजय हजारे आणि इरफान पठाण ही आमच्या गावाची नावे सांगताच त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटली. भाच्याच्या मध्यस्थीने अर्धा तास क्रिकेट झाले. सगळा वेळ त्यांच्या पुढ्यातला अर्धा पाइंट अर्धाच राहिला.

वहिनी इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे सरबत होते. त्या हलकेच म्हणाल्या, “इथे माणसं ग्लासाकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. आमच्याकडे उलटं होतं. नाना एकटे बसायचे, दार लावून.” एवढेच. त्यांच्या तोंडून वडिलांचा उल्लेख आम्ही चाळीस वर्षांत क्वचित ऐकला होता. त्या एका वाक्याने मद्य निर्दोष ठरत नाही, आणि ठरावे असे त्यांनाही वाटत नव्हते. लावलेले दार आणि उघडे दार, एवढाच फरक त्या सांगत होत्या, आणि तो सांगण्याचा अधिकार आमच्यात त्यांनाच होता.

मग कोणीही न सुचवता वाचनालयाचा विषय निघाला. आप्पांनी आपली बाजू नीट मांडली. “पुस्तक तीन दिवसांत आंबत नाही. शंभर वर्षांनी कोणी उघडले तरी ते तेच सांगते. एलचा दृष्टांत आपल्याला लागू नाही. गेल्या वर्षी एका वाचकाने १९०८ ची प्रत परत केली ती शिवण उसवून. ती प्रत आता मिळणार आहे का?” हे खरेच होते. कागदाला जपावे लागते. भाऊसाहेब म्हणाले, “दुर्मीळ प्रती कपाटात राहू देत, आप्पा. पण उरलेली हजारो? त्यांना कुलूप घातलं तर पुस्तक आंबणार नाही, वाचणारा आंबेल.” आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी टिपले.

मावशींनी वेगळाच मुद्दा काढला. “इथे आपण सातजण आहोत. तिघांनी थेंब घेतला नाही. म्हणून काय आपण पबात आलो नाही? मग आमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी वाचनालयात यायचं नाही, असं कोणी ठरवलं? बोलता येतं ना, तोडकंमोडकं, गुजराती मिसळलेलं. येऊन बसू देत. वाचणारे शेजारी बसले की एखाद्याला घोट घ्यावासा वाटेलही.” आमच्या मराठीला पुण्याची मंडळी हसतात, आमची मुले तिला बिचकतात आणि त्यांची मुले ती ऐकतात तेवढीच. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आलेल्या घराण्यांची ही भाषा इतका काळ टिकली ती कोणी काचेआड ठेवली म्हणून नव्हे. ती स्वयंपाकघरात, आखाड्यात, कीर्तनात आणि कचेरीत रोज उघडली जात होती. कचेरी गेली, आखाडे थोडे उरले. वाचनालयाची खोली अजून आहे.

आणि तेव्हा आप्पांनाच आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. गावाने आधी आपली वर्गणी जमवायची, मग सरकारने भर घालायची असा शिरस्ता. जेथे वाचनालय नाही तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवत. पेटी एका गावात वाचून झाली की बदलून दुसरी येई. आप्पांच्या आजोबांच्या गावी अशी पेटी येत असे. “फर्किनच म्हणा ना,” भाचा म्हणाला. आप्पांना हा दृष्टांत मात्र पटला, कदाचित त्यात महाराज होते म्हणून.

परतल्यावर नोव्हेंबरात बैठक झाली. १९२० पूर्वीच्या प्रती कपाटात ठेवाव्यात, हे सर्वानुमते ठरले. ते योग्यच होते. देवघेव चालू ठेवण्याचा ठराव पाचास चार मतांनी संमत झाला. आप्पांनी विरोधात मत दिले आणि लगेच उठून दुसरा ठराव मांडला : दोन लाकडी पेट्या कराव्यात, प्रत्येकीत तीस पुस्तके भरावीत आणि त्या शहराच्या दोन टोकांच्या वसाहतींत, मराठी घरांच्या शेजाऱ्याशेजाऱ्यांत, महिन्याच्या मुदतीने फिरवाव्यात. पेट्या सागवानी झाल्या. खर्च भाऊसाहेबांनी वर्गणी जमवून केला आणि पैचा हिशेब दिला. शनिवारी संध्याकाळी वाचनालयात चहा ठेवायचा हे मावशींनी ठरवले. न वाचणाऱ्यांनीही यावे, असे त्यांनी फलकावर देवनागरीत आणि खाली गुजरातीत लिहवून घेतले.

पहिल्या शनिवारी नऊजण आले. त्यांतील चारजण आम्हीच. तिसऱ्या शनिवारी वहिनींच्या नातीने विचारले, हे नाटक आमच्या बडोद्यात पहिल्यांदा झाले ते खरे का. आणि ‘एकच प्याला’ मोठ्याने वाचायला मागितला. अडखळत, र्‍हस्वदीर्घाची फिकीर न करता तिने पहिला प्रवेश वाचला. वहिनी ऐकत होत्या. पहिली पेटी महिना उलटून सहा दिवसांनी परत आली. दोन पुस्तके कमी होती आणि एकावर चहाचा डाग होता. आप्पांनी डागाचे पुस्तक उचलले, पान उलटून पाहिले आणि पेटी पुन्हा भरायला घेतली.